आट्यांची लेन्स आणि सोलापूरचं ऊन

एम ४२ म्हणजे जुन्या फिल्म कॅमेऱ्यांवर लेन्स फिरवून बसवायची पद्धत: ४२ मिलिमीटर व्यासाचे, १ मिलिमीटर अंतराचे आटे. ड्रेस्डेनच्या काँटॅक्स एस या कॅमेऱ्यावर १९४९ मध्ये ते आले आणि पुढे प्राक्टिका, पेंटॅक्स, झेनिट अशा अनेकांनी तेच उचलले. म्हणून पूर्व जर्मनीची पेंटाकॉन जपानी स्पॉटमॅटिकवर बसते आणि रशियन हेलिऑस प्राक्टिकावर. लेन्सच्या टेकणीपासून फिल्मपर्यंतचं अंतर सगळीकडे ४५.४६ मिलिमीटर आहे, त्यामुळे कुठलीही जोडी लावली तरी अनंत अंतरावर फोकस मिळतो.

या कॅमेऱ्यांबद्दलची बहुतेक माहिती थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेली आहे. त्यांची खोली २० अंशांची, नळाचं पाणी त्याहून गार. त्यांचा मोठा शत्रू बुरशी. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो आणि हवा कोरडी, त्यामुळे इथे बुरशी कमी आणि वंगणाचा त्रास जास्त. लेन्सच्या आट्यांतलं जुनं ग्रीस उन्हाळ्यात फुटतं, त्यातलं तेल वेगळं होऊन अ‍ॅपर्चरच्या, म्हणजे उजेडाची वाट लहान-मोठी करणाऱ्या, पात्यांवर उतरतं आणि आट्यांत उरतो तो घट्ट गाळ. फोकस फिरवताना मनगट दुखावं इतकी लेन्स जड होते. इथल्या जुन्या लेन्सना बहुतेक वेळा हाच आजार असतो.

लेन्स हातात आली की आधी टॉर्च. मागच्या बाजूने तिरका प्रकाश टाकून पुढून बघायचं. बारीक धूळ सोडून द्या, फोटोत ती दिसत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. असा माल बहुधा मुंबई-कोकणातून आलेला असतो. बुरशी पुसली जाते, पण तिने खाल्लेलं कोटिंग परत येत नाही. काठापासून आत येणारा इंद्रधनुषी किंवा पांढरट डाग म्हणजे दोन भिंगं चिकटवणारा थर सुटलाय. ती लेन्स घेऊ नये, घरी दुरुस्त होत नाही. मग फोकस पूर्ण फिरवून बघायचा, पुढचा भाग हलवून खेळ किती आहे ते बघायचं आणि शेवटी पाती उघडझाप करायची.

आटे मोजायला विसरू नका. सुरुवातीच्या झेनिटच्या लेन्सना ३९ मिलिमीटरचे आटे होते. त्या पातळ कडी लावून एम ४२ वर चालवता येतात. पण ३९ मिलिमीटरचेच आटे असलेल्या लायका पद्धतीच्या रेंजफाइंडर (लेन्समधून न बघता वेगळ्या खिडकीतून बघायच्या कॅमेऱ्याच्या) लेन्स वेगळ्या. त्यांचं अंतर २८.८ मिलिमीटर असल्याने एसएलआरवर, म्हणजे आरशामुळे लेन्समधूनच बघता येणाऱ्या आपल्या कॅमेऱ्यांवर, त्या फक्त अगदी जवळचं दाखवतात. विकणारा दोन्हींना ‘रशियन लेन्स’ एवढंच म्हणतो.

पात्यांवर तेल दिसलं म्हणून लगेच पेचकस उचलायचा नाही. हेलिऑस ४४-२ घ्या. ५८ मिलिमीटर, एफ २ (एफचा आकडा जितका लहान तितकी पाती उघडी), आठ पाती, पुढे ४९ मिलिमीटरचा फिल्टर. ही प्रीसेट लेन्स आहे, म्हणजे पाती हाताने बंद होतात, स्प्रिंगने नाही. तिच्या पात्यांवर तेलाचा थर असला तरी ती बरोबर चालते. तेलाची वाफ भिंगावर बसून धुरकट थर आलाय का एवढं बघा. नसेल तर तिला हात लावायचं काहीच कारण नाही. पेंटाकॉन ५० एफ १.८, येनाची टेसार ५० एफ २.८ किंवा ताकुमार यांची गोष्ट उलटी. त्यांच्या मागे एक पिन असते. कॅमेरा शटर उडवताना ती दाबतो आणि पाती झटक्यात मिटावी लागतात. तेलाने ती चिकटली की लेन्स उघडीच राहते. कडं एफ ११ वर असतं, फोटो एफ २.८ ला निघतो आणि सगळी निगेटिव्ह काळी ठिक्कर. तपासायला सोपं: कडं एफ १६ वर ठेवून बोटाने पिन पटकन दाबा, सोडा. पाती डोळ्याला दिसेल इतकी सावकाश हलली तर धुवायला हवी.

धुण्यासाठी लागतं लायटरमध्ये भरतात ते नॅफ्था, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, घड्याळजी वापरतात तसे बारीक पेचकस, रबरी हवाफुगा, कापसाच्या काड्या आणि दोन खाचांची कडी उघडायचा लेन्स स्पॅनर. स्पॅनर मिळाला नाही तर जुन्या व्हर्नियरची टोकं घासून काम भागतं. नाहीतर यंत्रमागांचे सुटे भाग करणारे लेथवाले आपल्याकडे आहेत, त्यांना माप दिलं की तेही करून देतात. पुढच्या नावाच्या कड्याला पुष्कळदा खाचा नसतात. ते कडं रबरी बूच दाबून घर्षणाने फिरवायचं. हटत नसेल तर कडेला अ‍ॅसिटोनचा एकच थेंब, टाचणीच्या टोकाने. जास्त पडलं तर कोरलेल्या आकड्यांतला रंग विरघळतो.

पुढचा आणि मागचा भिंगांचा गट पूर्ण काढायचा. पात्यांवर नॅफ्था टाकताना भिंग जागेवर असेल तर तेल विरघळून थेट त्यावरच जातं, आणि मग आधीपेक्षा जास्त धुरकट लेन्स हाती येते. गट काढताना प्रत्येक भिंगाची पुढची बाजू कोणती याचा मोबाइलवर फोटो काढा. भिंगं काढली की उरते पात्यांची चकती. तिच्यावर नॅफ्थाचे चार-पाच थेंब, कडं पंधरावीस वेळा पुढेमागे, मग कापसाच्या काडीने टिपून घ्यायचं. वाळल्यावर पात्यांवर तेलकट नक्षी उमटते. ती उमटेनाशी होईपर्यंत हेच पुन्हा. पाती सुटी करण्याच्या फंदात पडू नका. प्रत्येक पात्याला टाचणीएवढ्या बारीक दोन पिना असतात, एक तुटली की लेन्स भंगारात. धुतल्यावर तेलाचा थेंबही लावायचा नाही, पाती कोरडीच चालतात. आणि हे सगळं खिडकी उघडी ठेवून, गॅसपासून लांब. मे महिन्यात नॅफ्था बघता बघता उडतं आणि वाफ साठते.

फोकसचे आटे हे जरा जोखमीचं काम. हे आटे एकाच सुरुवातीचे नसतात, कडेभर अनेक ठिकाणी सुरू होतात. त्यामुळे चुकीच्या सुरुवातीतून आत गेलेलं कडंही सुरळीत फिरतं, फक्त अनंताचा फोकस गायब होतो. उघडण्याआधी अनंतावर ठेवून दोन्ही भागांवर सुईने एक रेघ ओढायची. मग सावकाश उलटं फिरवत जायचं आणि ज्या क्षणी आटे सुटतात तिथे दुसरी रेघ. दुसरी रेघच खरी कामाची, बसवताना तिथूनच सुरुवात करायची. जुना गाळ नॅफ्था आणि दाताच्या ब्रशने काढा, शेवटी अल्कोहोलने. आट्यांच्या तळाशी पितळी-काळा मळ उरला तर नवं ग्रीस त्यात मिसळून महिन्याभरात परत जड होतं.

ग्रीस कोणतं, यावर माझं मत ठाम आहे: सायकलचं नको, व्हॅसलीन तर मुळीच नको. व्हॅसलीन चाळीस अंशांच्या आसपास मऊ पडून वाहायला लागतं, म्हणजे इथे मार्चपासूनच. स्वस्त पांढऱ्या लिथियम ग्रीसमधूनही उन्हाळ्यात तेल सुटतं. लेन्स किंवा सूक्ष्मदर्शकासाठी मिळणारं घट्ट डँपिंग ग्रीस मागवावं. लागतं फार थोडं. तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस आट्यांवर चार ठिकाणी लावून फिरवलं की ते आपोआप पसरतं. कडेने बाहेर आलं तर जास्त झालं. गंज सोडवायचे स्प्रे लेन्सच्या जवळही आणू नयेत. ते आधी सगळं सैल करतात आणि आठवड्याभरात पात्यांवर असतात.

जोडल्यावर अनंत तपासायचं. कॅमेऱ्याची पाठ उघडून फिल्मच्या रुळांवर धुरकट चिकटपट्टी ताणून लावायची, शटर बी वर ठेवून उघडं धरायचं, म्हणजे पट्टीवर चित्र पडतं. ते बारकाईने बघायला दुसरी ५० मिलिमीटरची लेन्स उलटी धरा, पाचपट भिंगाचं काम करते. निशाण किलोमीटरभर तरी लांब हवं. पूर्वी यासाठी सिद्धेश्वर कारखान्याची उंच चिमणी छान होती, ती २०२३ मध्ये पाडली. आता मोबाइलचा एखादा टॉवर शोधायचा, तोही सकाळी. दुपारी तापलेल्या हवेत टॉवरच थरथरतो आणि फोकस कुठे लागला ते कळत नाही. हेलिऑसवर फोकस कड्याचे तीन बारीक पेच ढिले केले की कडं मोकळं होतं. चित्र टोकदार असताना कडं अनंताच्या खुणेवर आणून पेच आवळायचे.

ताकुमार ५० एफ १.४ च्या काही आवृत्त्यांत थोरियमयुक्त काच आहे. ती वर्षानुवर्षांत चहाच्या रंगाची होते. अतिनील प्रकाशात हा पिवळेपणा जातो, म्हणून लोक लेन्स उन्हात ठेवायला सांगतात. सोलापुरात हा सल्ला जपून घ्यावा. एप्रिलच्या गच्चीवर धातूची लेन्स हात लावता येणार नाही इतकी तापते आणि वर सांगितलेला तेलाचा आजार आपणच तिला देतो. शिवाय उघडी लेन्स म्हणजे सूर्यभिंग, मागचं प्लास्टिकचं झाकण वितळवते. डिसेंबर-जानेवारीची सकाळ चालेल, मागच्या झाकणात अ‍ॅल्युमिनियमची चकचकीत फॉइल ठेवून. त्यापेक्षा यूव्ही एलईडीचा छोटा दिवा लेन्सवर काही दिवस लावून ठेवणं बरं.

कॅमेऱ्यात तीन गोष्टी बघायच्या. जपानी कॅमेऱ्यांत आरसा वर जाऊन टेकतो तिथे आणि पाठीच्या कडेला असलेला फोम एव्हाना डांबरासारखा चिकट झालेला असतो. तो अल्कोहोलने खरवडून काढा आणि पाठीच्या खाचेत काळ्या लोकरीचा धागा बसवा. फोमपेक्षा जास्त टिकतो आणि उन्हाने वितळत नाही. दुसरं शटर. मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन घ्या आणि पाठ उघडी ठेवून शटर उडवा. १/३० ला साधारण ८ फ्रेम उजेड दिसला पाहिजे, १/६० ला ४. त्याच्या वरचे वेग असे मोजता येत नाहीत. तिसरं उजेड मोजणारं मीटर. स्पॉटमॅटिक १९६४ मध्ये आला तेव्हा पाऱ्याची १.३५ व्होल्टची बॅटरी होती, ती आता मिळत नाही. त्याच्या मीटरचं सर्किट ब्रिज पद्धतीचं, म्हणजे व्होल्टेज थोडं बदललं तरी न चुकणारं असल्याने १.५५ व्होल्टचा सिल्व्हर ऑक्साइड सेल चालतो. एसआर ४१ घ्या आणि तो घट्ट बसावा म्हणून भोवती रबरी रिंग. झेनिट-ई ला बॅटरीच नाही, उजेडावरच चालणारं सेलेनियमचं मीटर. जुनं सेलेनियम थकतं, फोनच्या मीटर अ‍ॅपशी ताडून बघा.

झेनिट-ई विषयी आणखी एक. त्यात पिन दाबणारी पट्टी नाही. त्यावर पिनवाली लेन्स लावायची तर लेन्सवर ऑटो-मॅन्युअलची कळ हवी, नाहीतर ती कायम पूर्ण उघडी. हेलिऑस ४४-२ ला पिन नसल्याने हा प्रश्नच येत नाही. डिजिटलवर लावणाऱ्यांना हीच अडचण, म्हणून पिन दाबून धरणारी कड असलेला अ‍ॅडॉप्टर घ्यावा. कॅननच्या ईएफ बॉडीचं अंतर ४४ मिलिमीटर, तिथे पातळ कडं पुरतं. निकॉनच्या एसएलआरचं ४६.५, त्यामुळे भिंगाशिवायच्या अ‍ॅडॉप्टरवर अनंत मिळणार नाही.

आता रोल. इथल्या दुपारी मीटर नसलं तरी अडत नाही: आयएसओ १०० ला एफ १६ आणि १/१२५. आयएसओ ४०० टाकलात तर एफ १६ ला १/५००, आणि झेनिटचा सगळ्यात जलद वेग तेवढाच. हेलिऑस घेतात ती एफ २ वर मागच्या धूसर पानांची भोवऱ्यासारखी नक्षी दिसावी म्हणून. ती ४०० च्या रोलवर उन्हात निघत नाही. आयएसओ १०० घेऊन भुईकोट किल्ल्याच्या तटाच्या सावलीत किंवा बागेतल्या झाडाखाली उभं राहायचं. मोकळ्या सावलीत उजेड उन्हापेक्षा सुमारे तीन स्टॉप कमी असतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), म्हणजे एफ २ ला १/१०००. आपल्याकडे १/५००, एक स्टॉप जास्त. निगेटिव्ह फिल्म एवढं सहज पोटात घालते. उन्हातच हवं असेल तर उजेड आठपट कमी करणारा ४९ मिलिमीटरचा एनडी ८ फिल्टर, तोही एक स्टॉप जास्तच राहतो पण चालतं. प्रीसेट कडं आधी हव्या त्या आकड्यावर ठेवायचं, पूर्ण उघडून फोकस करायचा आणि डोळा न काढता दुसरं कडं टोकापर्यंत फिरवायचं. सवय झाली की एका सेकंदाचं काम.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत मीटर हमखास फसवतं. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत सगळीकडे पांढऱ्या बाराबंद्या. मीटर त्यांना करडं समजून उजेड कमी करायला सांगतं आणि चेहरे काळे पडतात. मीटर सांगेल त्यापेक्षा एक ते दीड स्टॉप जास्त द्या, किंवा मीटर बघूच नका आणि उन्हाच्या नियमाने जा. होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामाला आयएसओ १००, एफ ११, शटर बी वर, केबल आणि तिपाई. बाण वर निघाला की उघडायचं, फुटून विझला की मिटायचं.

रोल धुणं हा खरा सोलापुरी भाग. इलफर्डच्या एचपी ५ प्लस या कृष्णधवल फिल्मला आयडी-११ डेव्हलपर (चित्र उमटवणारं द्रावण) पातळ न करता वापरला तर २० अंशांना साडेसात मिनिटं लागतात. दर अंशाला वेळ साधारण दहा टक्क्यांनी घटतो, म्हणजे २६ अंशांना चार मिनिटं. पाच मिनिटांच्या खाली गेलं की ओतण्या-काढण्यातल्या सेकंदांनीच पट्टे आणि डाग पडतात. म्हणून इथे १ भाग डेव्हलपर आणि ३ भाग पाणी. २० अंशांना त्याची वेळ २० मिनिटं, २६ ला सुमारे साडेदहा. हा आकडा हिशोबाचा आहे, म्हणून पहिला रोल बिनमहत्त्वाचा घ्यावा. रोल धुण्याची ५०० मिलिलिटरची टाकी भरून एकच रोल: १२५ डेव्हलपर, ३७५ पाणी. टाकी लहान घेतली तर पाण्यातली डेव्हलपरची मात्रा एका रोलला कमी पडते.

२६ अंश आणायचे कुठून? फ्रिजची गरज नाही, माठ आहे. हवा जितकी कोरडी तितका माठ जास्त गार करतो, आणि सोलापूरचा मे महिना कोरडाच. रात्रभर सावलीत वाऱ्याला ठेवलेल्या माठाचं पाणी पहाटे पंचविशीच्या आसपास मिळतं. थर्मामीटरने बघा, अंदाज नको. डेव्हलपर, स्टॉप (डेव्हलपरचं काम थांबवणारं द्रावण), फिक्सर (चित्र कायम करणारं) सगळ्या बाटल्या आदल्या रात्रीपासून ओल्या गोणपाटात गुंडाळून पाण्याच्या घमेल्यात ठेवायच्या, म्हणजे सगळ्यांचं तापमान एकच राहतं. डेव्हलपर २६ ला आणि धुण्याचं पाणी गच्चीवरच्या टाकीतून थेट ३८ ला, असं झालं की मऊ झालेलं जिलेटीन आकसतं-फुगतं आणि दाणा खडबडीत होतो. त्या टाकीचा एकच उपयोग: आयडी-११ ची पावडर ४० अंशांच्या पाण्यात विरघळवायची असते, आणि मे महिन्याच्या दुपारी तेवढं ऊन पाणी नळातून आयतं येतं. विरघळवलेलं द्रावण लहान बाटल्यांत काठोकाठ भरून ठेवा. अर्धी रिकामी बाटली उष्णतेत लवकर तपकिरी होते, आणि तपकिरी झालं की फेकायचं.

स्टॉपला पांढरं व्हिनेगर, एक भाग व्हिनेगर चार भाग पाणी. फिक्सर ताजा आहे का ते रोलच्या कापलेल्या तुकड्यावर बघायचं: तुकडा पारदर्शक व्हायला जेवढा वेळ लागेल त्याच्या दुप्पट वेळ फिक्स करायचं. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी असते, झाडांच्या आळ्यात ओतू नये.

काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात वाहत्या नळाखाली अर्धा तास धुणं परवडत नाही. इलफर्डची पद्धत घ्या: टाकी भरा, ५ वेळा उलटीसुलटी, ओता, भरा, १० वेळा, ओता, भरा, २० वेळा, ओता. दीड-दोन लिटरमध्ये काम होतं. शेवटचं पाणी मात्र बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड, त्यात वेटिंग एजंटचे (थेंब न धरता पाणी ओघळावं म्हणून घालतात ते द्रावण) दोन थेंब. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके वाळल्यावर निघता निघत नाहीत.

वाळवायला न्हाणीघर. आधी भिंतींवर आणि हवेत पाणी मारून धूळ खाली बसवायची, मग रोल टांगायचा, खाली चिमट्याचं वजन, दार बंद. पंखा लावायचा नाही. उन्हाळ्यात तासाभराच्या आत वाळतो आणि कोरड्या हवेने नळीसारखा वळतो. सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्या कापून निगेटिव्हच्या पाकिटात घातल्या आणि जाड पुस्तकाखाली दोन दिवस ठेवल्या की सरळ होतात. मगच स्कॅन करायला घ्यायच्या.